कर्टिसचे उलटे महिने

जर्सी सिटीच्या स्टेशनवर ऑफिसची गाडी पकडायला उभी होते, तेवढ्यात रूथमावशींचा फोन आला. "माझा कर्टिस गेला," एवढंच बोलल्या. बाकीचं मला नंतर कळलं. मावशींनी लपवून ठेवलेल्या गाडीच्या किल्ल्या त्याने शोधून काढल्या होत्या. ज्या रस्त्यावर तो सायकल शिकला, त्याच सरळ रस्त्यावर गाडी झाडावर आदळली. चाळिशीही आली नव्हती हो त्याची.

२००१ साली मी ॲन आर्बरला पीएच.डी. करायला गेले आणि रूथमावशींच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहिले. त्यांना नावाने हाक मारायला जीभ रेटेना, म्हणून मावशी. कर्टिस हा त्यांचा एकुलता एक मुलगा. तो व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळायचा, बचाव फळीत. चेंडू घेऊन धावणाऱ्याच्या अंगावर झेप घेऊन त्याला आडवा करायचं, हेच त्याचं काम. सीझन संपला की घरी यायचा. एवढा धिप्पाड गडी, पण माझ्या पोह्यांतली मिरची दाताखाली आली की डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला 'ताई' म्हणायचा. कितीतरी दिवस त्याला ते माझं नावच वाटत होतं.

एकदा बटाटे सोलता सोलता तो पुटपुटत होता, "डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर…"

"हे काय नवीन, यार?" मी विचारलं.

"होमवर्क, ताई. डोक्याला जोरात लागलं की टीमचे डॉक्टर महिने उलटे म्हणायला लावतात. बरोबर आले तर परत ग्राउंडवर. चुकलं की बाहेर, आणि तुझी जागा दुसरा घेतो. सगळेच पाठ करतात."

मावशी ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. वळून म्हणाल्या, "मग चूक ना एकदा. माझ्यासाठी चूक."

तो हसला, त्यांच्या केसांवर ओठ टेकले आणि सोलायला लागला. तो कधीच चुकला नाही. डोळ्यांपुढे अंधारी आलेली असतानाही चुकला नाही. त्या हुशारीचा मला आजही संताप येतो.

मग हळूहळू सगळं हातातून निसटायला लागलं. घरात गॉगल घालून बसायचा, पडदे ओढून घ्यायचा. चहाचा कप भिंतीवर फेकायचा आणि तो कुणी फेकला म्हणून आम्हालाच विचारायचा. टीमने त्याला काढून टाकलं. मावशी देव पाण्यात घालून बसल्या होत्या. एका हॉस्पिटलमध्ये आम्ही दोघी त्याला घेऊन गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरने त्याला, दुसरं काय, महिनेच उलटे म्हणायला सांगितले. कर्टिसने न अडखळता घडाघडा म्हणून दाखवले. "मेमरी छान आहे की," डॉक्टर म्हणाला.

"पाठ आहे त्याला ते!" मावशी ओरडल्या. एरवी हळू बोलणारी बाई, अक्षरशः टेबलावर हात आपटत होती. "दुसरं काही विचारा! माझं नाव विचारा त्याला!"

डॉक्टरने विचारलं. कर्टिस आईकडे बघत राहिला. परक्या बाईकडे बघून हसावं तसा हसला… आणि म्हणाला, "डिसेंबर, नोव्हेंबर…"

त्यानंतर किती डॉक्टर झाले, किती गोळ्या झाल्या, काही म्हणून उपयोग झाला नाही.

गेल्या रविवारी मी मावशींकडे होते. त्या अजूनही मॅच लावतात, मला वाटतं घरात तो आवाज हवा असतो म्हणून. पडद्यावर कुठल्याशा टीमचा एक मुलगा धडकून कोसळला. मावशी ताडकन उठून उभ्या राहिल्या. कुणाचाही मुलगा पडला की त्या अशाच उभ्या राहतात.

"मावशी, बसा ना."

"त्याला उठू दे आधी."

तो उठला. जरा झोकांडला, मग हात वर केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि तो धावत आपल्या जागेवर गेला.

"उठला बघा," मी म्हटलं.

मावशी उभ्याच होत्या.

"कर्टिसपण दर वेळी उठायचा," त्या म्हणाल्या.