बिननंबरची

गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी वैजू शाळेच्या मुलींना हेडर, म्हणजे डोक्याने चेंडू मारायला, शिकवताना मैदानात पडली. मेंदूत रक्तस्राव झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. दुपारी ती गेली. मी इंद्रलोक वसाहतीतल्या माझ्या घरी जेवायला बसले होते तेव्हा काकूचा फोन आला. काकू एवढंच म्हणाली, “वैजू न्हाय ऱ्हायली.”

वैजयंती माझी चुलत बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. मी ग्रंथालयात पुस्तकं लावत होते त्या वर्षांत ती गोव्यात आणि केरळात पगारावर फुटबॉल खेळत होती. स्टॉपर, म्हणजे गोलकीपरच्या पुढ्यात उभी असणारी शेवटची खेळाडू. पेपरात गोल करणाऱ्यांची नावं येतात, त्यामुळे तिचं नाव वाचकांनी वाचलेलं असण्याची शक्यता कमीच. ही जागा तिला आमच्या गावात, मोरव्यात मिळाली. आमची मिठागरं बंद पडली होती आणि उन्हाळ्यात ती जमीन फरशीसारखी कडक होई. मुलगे तिथे खेळत. तू पोरगी, तू मागे उभी राहा, असं त्यांनी तिला सांगितलं आणि ती मागेच उभी राहिली. संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या केसांत मीठ असे. काकू ओरडायची, ही आत्ताच म्हातारी दिसाय लागली म्हणून.

स्टॉपरचं एक काम मला तिच्यामुळे कळलं. समोरच्या संघाला कॉर्नर, म्हणजे कोपऱ्यातून मारायची किक, मिळाला की त्यांच्यातली कोण कोणी अडवायची, हे ती जर्सीच्या नंबरावरून वाटून देई. प्रत्येकीच्या खांद्याला हात लावून... तू सात, तू नऊ, दहा माझी. मग आपल्या वाटणीच्या मुलीला पाठीशी घेऊन हात मागे धरायचा. डोळे चेंडूवर, आणि ती कुठे सरकतेय ते बोटांनी ओळखायचं.

तिचा शेवटचा मोसम चालू होता. एक सामना मी फोनवर पाहत होते. कॉर्नर आला, वैजूने वाटणी केली आणि स्वतः गोलच्या दूरच्या खांबापाशी जाऊन उभी राहिली. तिथे कोणीही नव्हतं. हात मात्र मागे धरलेला, बोटं हलत होती... जणू कोणाच्या कमरेला लागताहेत. दहा नंबरची मुलगी मोकळी होती. तिनं गोल केला. वैजूने त्या गोलकडे पाहिलंसुद्धा नाही, ती मागेच पाहत राहिली.

महिन्याभराने ती मोरव्यात परतली. क्लबने करार वाढवला नव्हता. ओट्यावर बोंबील साफ करता करता तिनं मला सांगितलं की सरावात एकीच्या डोक्यावर डोकं आपटलं होतं आणि थोडा वेळ डोळ्यांपुढे काहीच नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक कॉर्नरला समोर एक मुलगी जास्त असते. जर्सीवर नंबर नसतो, आणि तिला कोणीच अडवत नाही.

“मग मलाच उभं राहावं लागतं ना, ताई. मी स्टॉपर आहे.”

कशी दिसते, मी विचारलं. वैजूने पुढचा बोंबील उचलला. “तोंड नाही दिसत. केसांना मीठ लागलंय तिच्या.”

आपण डॉक्टरांकडे जाऊ, असं मी म्हणाले. ती हसली. तू पुस्तकं वाचतेस म्हणून तुला जिकडेतिकडे आजार दिसतात, म्हणाली. मग तिनं मला शपथ घातली. दुसऱ्या क्लबशी बोलणं चालू होतं, डोक्याचं कळलं तर कोणी उभं करणार नव्हतं. मी कोणालाही सांगितलं नाही. दुसरा क्लब मिळाला नाहीच. दोन वर्षं ती इथल्या शाळेच्या मुलींना शिकवत होती, आणि मी गप्प होते.

तेराव्यानंतर तिच्याकडचं संघाचं सामान परत करायला मी मैदानावर गेले. मुली कॉर्नरचा सराव करत होत्या. वैजूच्या जागी मीरा रोडची सानिया होती, नववीतली. ती खांद्यांना हात लावत वाटणी करत होती. तू सात. तू नऊ. आणि शेवटी हळूच, स्वतःशी, “बिना नंबरवाली मेरी.”

मी तिला बाजूला घेतलं. हे वैजूदीदीने शिकवलं का, विचारलं. तिनं नकारार्थी मान हलवली.

“दीदीने कभी नहीं बोला, आंटी. वो मला दिसते.”

कधीपासून, तर डोकं खांबाला लागलं तेव्हापासून. आणि कशी दिसते?

“बाल सफेद है. पण म्हातारी नाही.”

मिठागर तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. जिल्ह्याच्या संघाची निवड पुढच्या आठवड्यात होती. माझा हात धरून ती म्हणाली, “मम्मीला नका सांगू. तुमको कसम है.”

त्याच संध्याकाळी मी तिच्या घरी गेले आणि तिच्या आईला सगळं सांगितलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी खेळ बंद केला, पुढचं पुढे बघू म्हणाले. ती जास्तीची मुलगी कोण, ते त्यांनी विचारलं नाही आणि मला सांगता आलं नसतं.

निवड झाली. सानिया त्यात नव्हती. ती अजून रोज मैदानावर येते. आता मीही जाते, आणि मी बसते त्याच पायरीवर ती बसते. माझ्याशी बोलत नाही. आम्हा दोघींमध्ये ती एका माणसाची जागा सोडते.