डाव्या हातातल्या चपला

आमचे सासरे, अंथुर्ण्याचे तात्या, एका जागी शांत आहेत असं मी आयुष्यात दोनदाच पाहिलं. पहिल्यांदा आमच्या लग्नात, कन्यादानाला. तेही चारच मिनिटं. पाचव्या मिनिटाला त्यांनी भटजींना विचारलं, "लांबड हाय का अजून? न्हाय, तवर मी मांडवाला एक चक्कर मारून येतो." दुसरी वेळ कोणती ते शेवटी सांगतो.

बसणं त्यांना मानवायचंच नाही. "बसलं की मुळं फुटत्यात, पाव्हणं," असं म्हणत ते जेवतानासुद्धा ताट हातात घेऊन फिरायचे. भाकरी स्वयंपाकघरात सुरू करत आणि ताक गोठ्यात संपवत. बारामतीच्या बाजाराला जायला ते एस.टी.च्या स्टँडवर यायचे, गाडी दिसली नाही की चालत निघायचे, आणि गाडीच्या आधी पोचायचे. त्यांना बारामतीच्या वेशीवर आधीच फिरताना पाहून एका कंडक्टरनं आपलं चांगलं घड्याळ दुरुस्तीला टाकलं होतं. मी यात काही वाढवून सांगत नाही. थोडंसं सांगतो.

हे पायातलं वारं वाडवडिलांचं होतं. तात्यांच्या घरी मेंढरांचा कळप होता, आणि ऐन तिशीपर्यंत तात्या त्या कळपामागे घाट उतरून कोकणात जात आणि परत येत. पुढे कॅनॉलचं पाणी आलं, ऊस आला, मेंढरं गेली. पायांना मात्र हे कुणी कळवलं नाही. ते आपले चालतच राहिले. जमीन संपली की पाण्यात. तात्यांसारखा पोहणारा अख्ख्या इंदापूर तालुक्यात नव्हता. कुणाची कळशी विहिरीत पडो, कुणाच्या मोटरचा फूटव्हॉल्व्ह गाळात रुतो, तात्यांना बोलावणं जायचं. ते धोतर खोचून उडी मारत, आणि बायका दोनशेपर्यंत आकडे मोजून रडायच्या बेतात आल्या की कळशी घेऊन वर येत. वर आल्यावर त्यांचं एकच रडगाणं असे. "तळ पायानं बघितला, हातानं बघितला. डोळ्यानं न्हाय. खाली निस्ता अंधार. कसा असंल रं तळ?"

अशा माणसाच्या घरी मी मुलगी बघायला गेलो. मी बारामतीचा, नोकरी वालचंदनगरला कारखान्याच्या स्टोअरमध्ये, राहायला स्टाफ क्वार्टर. सगळं पसंत पडलं. पोह्यांनंतर तात्या मला परसातल्या विहिरीवर घेऊन गेले, काठावरून तीन प्रदक्षिणा घातल्या आणि म्हणाले, "पाण्याला भिणाऱ्याला मी लेक देत न्हाय. पवता येतं का?"

मला बादलीत हात घालायची भीती वाटायची. पण घराच्या दारातून मुलगी, मंगल, बघत होती. मी म्हणालो, "येतं म्हणजे? कॉलेजात असताना उजनी धरणाचं पाणी या काठाहून त्या काठाला पार केलंय. तेसुद्धा एका हातानं. दुसऱ्या हातात चपला होत्या, भिजू नयेत म्हणून."

तात्यांनी विहिरीला चौथी प्रदक्षिणा घातली. मग विचारलं, "चपला कोणत्या हातात हुत्या?"

"डाव्या."

"मग ठीक हाय," तात्या म्हणाले, आणि लग्न ठरलं.

त्यानंतर सहा वर्षं मी पाण्यापासून जपून राहिलो. सासरी गेलो की मला सर्दी असायची. वैशाखातही असायची. पण एकोणीसशे नव्वदच्या त्या दशकात आमच्या कॉलनीच्या क्लबाला कुठून अवदसा आठवली कोण जाणे, त्यांनी लक्षद्वीपची सहल काढली. कोचीनहून जहाज, वाटेत बेटांवर थांबे, आणि एका बेटावर म्हणे तोंडावर काच बांधून, दातात नळी धरून समुद्राचा तळ बघता येतो. हे मंगलनं माहेरी सांगितलं मात्र, तात्यांनी नाव नोंदवायला लावलं. आमचं, त्यांचं आणि सासूबाईंचं.

पुढचे दोन महिने अंथुर्ण्यात धुमाकूळ होता. पपईच्या पानाचा देठ पोकळ असतो. तो दातात धरून तात्या विहिरीत पालथे तरंगायचे. गावातल्या एकाही पपईला त्यांनी पान ठेवलं नाही. पहिल्याच दिवशी एका बाईनं त्यांना तसं तरंगताना पाहिलं आणि सगळ्या गावाला रडत गोळा केलं. गाव जमल्यावर तात्यांनी देठ काढून विचारलं, "कोण गेलं?"

जहाजावर चढल्यापासून तर ते थांबलेच नाहीत. लोक जहाजानं बेटावर गेले, तात्या डेकवर चालत गेले. माझ्याशी बोलायचं तर मलाही सोबत चालावं लागे. चालता चालता एकदा त्यांनी मला नीरा नदी सांगितली. "पूर आलेली नदी मेंढरांनिशी कुठनं वलांडायची, ते कसं ठरवायचं म्हायती हाय? दांडगा एडका बघून न्हाय. लंगडी मेंढी बघायची. ती जितनं जाईल तितनं समदा कळप न्यायचा. मग लांबचा फेरा पडला तरी पडू द्या." मी हूं म्हणालो. माझं लक्ष पोटदुखी कधी सुरू करावी याच्याकडे होतं.

बेट आलं. छोट्या होड्यांनी आम्हाला धक्क्यावर उतरवलं. पाणी असं निळं, की शर्ट बुडवला तर नीळ घालायला नको. टेबलामागे एक टोपीवाला माणूस वही घेऊन बसला होता. थांबा चार तासांचा, आणि एका कुटुंबानं एकच काहीतरी निवडायचं: नळी लावून पाण्यात उतरायचं, नाहीतर तळाला काच बसवलेल्या होडीतून बसल्या बसल्या बघायचं. तात्यांनी टेबलावरचा तोंडाला बांधायचा चष्मा उचलला, बाजारात मेंढराचे दात बघावेत तशी त्याची कड अंगठ्यानं तपासली, नळी चावून पाहिली. "जिनगानी गेली ह्याच्यासाठी," ते म्हणाले. त्यांचे पाय नुसते थयथय नाचत होते.

टोपीवाल्यानं बोट केलं. धक्क्यापासून लांब एक नारिंगी पिंप तरंगत होतं. "पहले टेस्ट. घर के सब लोग यहाँ से कूदेंगे, उधर जाएँगे, वापस आएँगे." मंगल आणि सासूबाई तात्यांच्या विहिरीतच पोहायला शिकलेल्या. राहता राहिलो मी.

"हात्तिच्या!" मंगल सगळ्या कॉलनीला ऐकू जाईल अशी म्हणाली. "आमच्या ह्यांनी उजनी पार केलीय. ते पिंपच घेऊन येतील."

कॉलनीनं टाळ्या वाजवल्या. माझा साहेब म्हणाला, "जावईबुवा, आधी तुम्ही!" पोटदुखी सुरू करायचीही माझ्यात ताकद उरली नव्हती. पाण्यात पडून मेलो तर बरं, वाचलो तर सहा वर्षांचं खोटं घेऊन कॉलनीत राहायचं कसं?

तात्या माझ्याकडे बघत होते. चष्मा त्यांच्या हातातच होता. मग त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला, हळूच, अंडं ठेवावं तसा.

"काचंची होडी लिवा," ते टोपीवाल्याला म्हणाले.

"अहो, पण तात्या!" मंगल ओरडली. "दोन महिने देठ चघळलेत तुम्ही!"

"गुडघं धरल्यात माझं."

"जहाजावर चाळीस मैल चाललात तेव्हा नाही धरले?"

"तवा मोकळं हुतं. आता धरल्यात. तुला लई इचारायची सवय हाय, मंगे."

काचेच्या होडीत ते बाकावर बसलेच नाहीत. पालथे पडून काचेला नाक लावून राहिले, मागे पाय चालूच. काच जुनी, चरे पडलेली. मधूनच पिवळ्या माशांचा एक थवा दिसला, तसे तात्या दोन बोटं तोंडात घालून मेंढरं वळवायची शीळ घालून ओरडले, "हुर्रर्र हाऽऽ!" आणि मासे वळले! शपथेवर सांगतो, सगळे एका अंगानं वळले. मग इंजिन सुरू झालं, पाणी ढवळलं, आणि काचेखाली काही दिसेना. "आपल्या हिरीवानीच झालं की," तात्या म्हणाले. दूरवर लोक नळ्या लावून तरंगत होते. तात्यांनी तिकडं एकदाच पाहिलं.

सहलीहून परत आल्यावरचा पहिला रविवार. भल्या पहाटे तात्या क्वार्टरच्या दारात. अर्थात चालत आलेले. "चला जावाईबापू, हिरीवर. भोपळा वाळवून ठेवलाय."

"भोपळा कशाला?"

"तुमच्या पाठीला बांदाय."

मी काही बोलणार, तेवढ्यात ते म्हणाले, "एका हातानं पवणारा माणूस जाग्यावर गोल गोल फिरतो. पलीकडच्या काठाला जात न्हाय. चपला डाव्या हातात असोत न्हायतर उजव्या."

"म्हणजे तुम्हाला त्याच दिवशी...? मग लेक का दिलीत?"

तात्या अंगणात दोन चकरा मारून आले. "पवाय मी चार दिसांत शिकवतो. तुमी चपला सांगितल्या तवा मंगी दाराआड तोंडाला पदर लावून हसत हुती. हसवणारा माणूस तयार कराय मला कुठं येतंय?"

बत्तिसाव्या वर्षी पाठीला भोपळा बांधून मी विहिरीत उतरलो. काठावर अर्धं गाव, आणि सगळ्यांत पुढं मंगल. चार दिवस नाही, दोन उन्हाळे लागले. भोपळे किती फुटले ते विचारू नका. पण आलं. तात्या विहिरीभोवती फिरत ओरडायचे, "पाय हलवा! बसलं की बुडलं!" मी त्यांना शब्द दिला, की पुन्हा त्या बेटावर जाऊ आणि पिंपापर्यंत मी पुढं असेन.

जाणं झालं नाही. कधी रजा नाही, कधी ऊसतोड. दशक संपत आलं तेव्हा तात्यांनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी हलायचं नाही म्हणून बजावलं होतं, पण वाकळेखाली पाय चालूच असायचे. एका दुपारी मी एकटाच त्यांच्याजवळ बसलो होतो. मी म्हणालो, "तात्या, मागच्या महिन्यात कारखान्यानं मला कोचीनला पाठवलं होतं. तसाच बेटावर जाऊन आलो."

"खरं का काय?"

"पिंपापर्यंत गेलो, आलो. मग नळी लावली. तात्या, तळ सगळा दिसतो. कातरलेली पांढरी लोकर वाळत घालावी तशी वाळू. त्यावर आपल्या अंगाची सावली पडते, आपल्याबरोबर चालते. मासे कळपानं येतात, वाट देतात. कुठं अंधार म्हणून नाही. खालपर्यंत ऊन."

मी बरंच सांगितलं. सांगता सांगता लक्षात आलं, वाकळ हलत नव्हती. मी घाबरून वाकलो. तात्यांचे डोळे उघडे होते, आढ्याकडे. पाय तेवढे थांबले होते. ही ती दुसरी वेळ.

जरा वेळानं त्यांनी मान वळवली. "चपला कोणत्या हातात हुत्या?"

"काठावर काढून ठेवल्या होत्या, तात्या."

"मग ठीक हाय," ते म्हणाले.