फिका चहा

बिनसाखरेच्या चहाचा पहिला घोट घेतला की मला समोरच्या काकूंचं स्वयंपाकघर आठवतं. भर मे महिन्यात आमचा फ्रिज बंद पडला होता, आणि मूल व्हावं म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेली इंजेक्शनं थंडच ठेवायची होती. नवरा हिंगण्याला शिफ्टवर होता. मी डबा रुमालात गुंडाळून काकूंकडे गेले. "काहाचे इंजेक्शन आहेत वं हे?" त्यांनी विचारलं. खरं सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला कळलं असतं, म्हणून मी म्हटलं, "शुगरचे." "एवढ्या कमी वयात?" असं म्हणत त्यांनी डबा दह्याच्या भांड्याशेजारी ठेवला. मग रोज दुपारी मी एक इंजेक्शन आणायला जायचे आणि काकू माझ्यासाठी वेगळा, फिका चहा मांडायच्या. कूलरच्या ओल्या वाळ्याच्या वासात मी तो कसाबसा संपवायचे, आणि घरी येऊन एकटीच पोटाला सुई टोचून घ्यायचे. पुढच्या महिन्यात माझी पाळी आली, त्याच आठवड्यात काकूंची लेक बाळंत झाली. काकू दारोदार पेढे वाटत आल्या आणि माझ्या दारात मात्र पेढ्यांचा डबा झाकून उभ्या राहिल्या. "तुले गोड चालत नाही ना वं, म्हून तुह्यासाठी चिवडा आणला." फार मायेनं आणला होता. मी हसून वाटी घेतली. ती इंजेक्शनं बंद होऊन आता बरीच वर्षं झाली, पण चहात साखर किती असं कुणी विचारलं, की मी अजूनही नको म्हणते.