तथास्तु म्हणणारी खोली

विम्याचं सगळं बोलणं आम्ही स्कूटरवर उरकलं, कारण घरात ते बोलायला बंदी होती.

आम्ही तेव्हा जांबे गावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. मालकीणबाई गावातल्याच, जुन्या शेतकरी घरातल्या. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. भुकूमला आमचा फ्लॅट आकाराला येत होता, कर्ज दोघांच्या नावावर मंजूर झालं होतं, आणि बँकेतल्या माणसाने विमा काढायचं सुचवलं होतं. त्या संध्याकाळी मी सहज नवऱ्याला विचारलं, "समजा, तू गेलास तर हप्ते कोण भरणार?" मावशी दारात बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"हितं मरणाचं बोलायचं न्हाई. वास्तू तथास्तु म्हणती. बोलायचंच आसंल तर भाईर जावा."

नवरा लगेच उठून चपला शोधायला लागला. त्याचाही या गोष्टींवर विश्वास, फक्त तो मावशींइतकं उघड बोलत नाही. मी शाळेत विज्ञान शिकवते. 'मग पुढे काय होतं?' हा माझा आवडता प्रश्न, आणि मरणापुढे तो थांबवायचं मला काही कारण दिसत नव्हतं. तरी घर त्यांचं, तेव्हा नियमही त्यांचाच.

मग दर रविवारी बांधकाम बघायला जाताना आम्ही स्कूटरवर मरायचो. कधी तो आधी, कधी मी. एकदा दोघंही बरोबर, तेव्हा फ्लॅट कोणाला जाईल यावर भूगावपर्यंत वाद झाला. मला यात भारी मजा वाटायची. बँकेचा विमा कर्जाला बांधलेला होता. कर्ज जसं फिटत जाईल तसं संरक्षणही आटत जाणार, आणि पैसे थेट बँकेला मिळणार. दुसरा पर्याय म्हणजे स्वतंत्र मुदत विमा. त्याची रक्कम शेवटपर्यंत तेवढीच, आणि ती मागे राहणाऱ्याच्या हातात. "घर फिटेल, पण मी खाऊ काय, भिंती?" असं मी मागून ओरडून विचारलं तेव्हा तो हसला आणि स्वतंत्र विम्याला तयार झाला. दोघांनी आपापला काढायचा असं ठरलं. इमारतीच्या फाटकाशी आलो की मात्र तो गप्प व्हायचा. तीही वास्तूच ना.

विमा एजंट बाई अर्ज भरायला घरीच आल्या. मावशी उंबऱ्यात होत्याच. बाई एकेक प्रश्न विचारत होत्या आणि नवरा पाढे म्हटल्यासारखा 'नाही, नाही' म्हणत होता. आजार नाही, ऑपरेशन नाही, औषध नाही. घरात कोणाला हृदयविकार? नाही. वडील कशाने गेले? "वय झालं होतं," तो म्हणाला. माझ्या मनात पाल चुकचुकली. सासरे मी पाहिले नव्हते, पण ते चाळिशी ओलांडता ओलांडता, कामावर असताना छातीत कळ येऊन गेले हे मला माहीत होतं.

बाई गेल्यावर मी त्याला रस्त्यावर नेऊन विचारलं. तो म्हणाला, "घरात कसं सांगणार? मावशी बसल्या होत्या." म्हणजे त्याच्या लेखी ते खोटं नव्हतंच. अशुभ गोष्ट फक्त घराबाहेर ठेवली होती. मला हसावं की रडावं कळेना. मी तिथूनच एजंट बाईंना फोन लावला आणि अशी माहिती लपली तर काय होतं ते विचारलं. त्या म्हणाल्या की पुढे चौकशीत हे निघालं तर कंपनी पैसे नाकारू शकते, आणि बँक हप्ता मागायची थांबणार नाही. माझ्या एकटीच्या पगारात तो हप्ता बसत नव्हता. म्हणजे तो जाणार आणि पाठोपाठ घरही जाणार. पहिल्यांदाच मला त्या खेळाची भीती वाटली.

त्याने कुरकुरत अर्जातल्या दुरुस्तीला होकार दिला. कंपनीचे डॉक्टर व्हिडिओ कॉल करून सगळं पुन्हा विचारतील असं कळलं. त्याने तो कॉल बाहेर, लिंबाखाली घ्यायचं ठरवलं होतं. पण फोन वाजला तेव्हा शेजारच्या प्लॉटवर जेसीबी खडक फोडत होता. बाहेर स्वतःचाही आवाज ऐकू येईना. नाइलाजाने तो आत आला, दार लावलं आणि खाटेवर बसला. मावशी आतच होत्या, माझ्यासोबत चहा घेत.

डॉक्टरांनी वडिलांचं विचारलं. त्याने एकदा मावशींकडे पाहिलं. मावशींनी तोंड कपात घातलं.

"हार्ट अटॅक," तो म्हणाला. "माझ्याएवढेच होते."

मला हायसं वाटलं. अवघड ते झालं, असं समजून मी कप उचलायला वाकले. तेवढ्यात पुढचा प्रश्न आला, तुमच्या स्वतःच्या छातीत कधी दुखलंय का?

"हो," तो म्हणाला. "जिना चढताना. दिवाळीपासून."

कप माझ्या हातातच राहिला. एवढे महिने मी त्याला स्कूटरवर दर रविवारी मारत होते, आणि तो पुढे बसून हसत होता. मेल्यावर काय होईल ते मी सगळ्यांना विचारलं होतं. तुला बरं वाटतंय का, एवढं विचारायचं मात्र मला सुचलं नव्हतं. मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त रडू आलं.

कॉल संपल्यावर मावशीच आधी उठल्या. नियम मोडल्याबद्दल काहीतरी ऐकावं लागणार असं मला वाटलं. त्या त्याच्यासमोर उभ्या राहिल्या.

"दिवाळीपासनं, व्हय? आन् ह्या पोरीला ठावं न्हाई? ऊठ, डागदराकडं जावा आदी."

तपासणीत हृदयाची एक नळी अरुंद झालेली निघाली. गोळ्या सुरू झाल्या. विमा कंपनीने त्याचा अर्ज पुढे ढकलला, माझा मंजूर केला. म्हणजे मी गेले तर तो रीतसर सुरक्षित होता, तो गेला तर मी नव्हते. तरी फ्लॅट आम्ही सोडला नाही.

भुकूमला वास्तुशांत झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी लिफ्ट बंद होती. तो दूध घेऊन जिन्याने वर आला, पिशवी ओट्यावर ठेवली, आणि नव्या घराच्या मधोमध उभा राहून नीट, मोठ्याने म्हणाला, "आज जरा छातीत भरून आलंय."

मी गॅस बंद केला, त्याची दवाखान्याची फाइल घेतली आणि चपला घातल्या.