गाणं कधी सुरू होणार?

साउंड सर्व्हिसच्या दुकानात किस्से वायरीसारखे साठतात. खोक्यातून एक ओढावी तर तीन गुंतून बाहेर येतात, आणि त्यातली नेमकी कोणती कुठून कुठे जाते, ते गजाभाऊंनाच माहीत!

गजाभाऊंचं दुकान जालना एमआयडीसीच्या रस्त्यावर. चार मोठे बॉक्स, दोन अॅम्प्लिफायर, एक जनरेटर आणि हे सगळं वाहणारा टेम्पो. मी बेंगलोरहून इंजिनीयर होऊन परत आलो तो बॅगेत चौदा सीडी घेऊन, आणि नोकरी शोधायची सोडून गजाभाऊंच्या टेम्पोवर गाणी लावायला लागलो. सगळं हाउस म्युझिक, तेही अंडरग्राउंड. रेडिओवर न लागणारं, फक्त क्लबच्या डीजेंसाठी निघणारं. तिथला एक मित्र दर महिन्याला नव्या रिलीजचं पार्सल पाठवायचा. हे संगीत जालन्याने ऐकलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटायचं. आजही वाटतं.

*

पहिला प्रयोग जाफराबादच्या एका वरातीत केला. हाउसच्या सुरुवातीला दोन-दोन मिनिटं नुसते ठोके असतात. आधीच्या गाण्यावर हे गाणं अलगद चढवायला डीजेला तेवढी जागा लागते. हे मला माहीत होतं, नवरदेवाच्या मामांना नव्हतं. ते टेम्पोवर चढले.

"टेस्टिंग झालं असंल तर गाणं लावा की."

मी म्हटलं, मामा, हेच गाणं आहे, थांबा, आता बाई गाते. पाचव्या मिनिटाला बाई आली, एक ओळ म्हणाली आणि गेली. पुन्हा ठोके. मामांच्या चेहऱ्यावरचा राग एकदम गेला. काळजीने म्हणाले, "बाईला काही तरास होऊन राह्यला का?"

*

एकदा पार्सलमध्ये एकाच गाण्याचे चार रिमिक्स आले. मी गजाभाऊंना समोर बसवून चारही ऐकवले. चौथा तर मी डोळे मिटून ऐकत होतो. गजाभाऊंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "चार चार बार केलं व्हय? पहिल्यांदा बराबर जमलं न्हाई का त्याला?"

*

पण माणूस मायाळू. एके सकाळी त्यांनी माझ्या हातात एक कॅसेट ठेवली. माझं सगळ्यात आवडतं, नऊ मिनिटांचं गाणं त्यांनी स्वतः बसून दुरुस्त केलं होतं. ठोके सगळे काढून टाकले आणि बाईच्या ओळी तेवढ्या जोडल्या. गाणं चाळीस सेकंदांत संपलं.

मी अॅम्प्लिफायरवर बसलो. गजाभाऊंनी चहा मागवला. मला म्हणाले, तुझे वडील रोज इथून जातात, माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. वडिलांनी माझ्यासाठी एका बियाणे कंपनीत शब्द टाकला होता आणि दसऱ्यानंतर रुजू व्हायचं होतं.

"दसऱ्यापर्यंत तुझं एक गाणं पुरं वाजू दे. 'गाणं कधी सुरू होणार' असं कोनी न इचारता. मंग मी सोता तुझ्या बापाशी बोलतो, पोराला हितंच राहू द्या म्हून. न्हाई वाजलं, तर तुझ्या सीडींची पेटी बंद आन् तू कंपनीत. बोल."

मी हात दिला.

*

गणपतीत टेंभुर्णीच्या एका मंडळात गाणं पाच मिनिटं चाळीस सेकंद वाजलं. कोणी हूं की चूं केलं नाही. मी गजाभाऊंना मिठीच मारणार होतो. तेवढ्यात त्यांनी मंडपाकडे बोट दाखवलं. मंडप रिकामा! सगळे जेवायला गेल्ते.

*

राहिली फक्त खंडेनवमी, दसऱ्याचा आदला दिवस. लोखंडी सळया बनवणाऱ्या एका री-रोलिंग मिलमध्ये पूजेला साउंड लावायचा होता. त्या दिवशी सगळी यंत्रं धुऊन, झेंडूच्या माळा घालून पुजतात. दिवसभर कोणी बटणाला हात लावत नाही. लावला तर वर्षभराचा अपशकुन!

तिथले फोरमन दगडूमामा. तीस वर्षं रोलिंगच्या आवाजात उभं राहून त्यांचे दोन्ही कान गेलेले. कामगार त्यांच्याशी हातवाऱ्यांनीच बोलायचे. मामांनी स्वतः यंत्रांना कुंकू लावलं, नारळ फोडला आणि पलीकडच्या ऑफिसात प्रसाद खायला बसले.

आरती झाली, सिनेमाची गाणी झाली. मग मी ते नऊ मिनिटांचं गाणं लावलं.

तिसऱ्या मिनिटाला एक कामगार उठून माझ्याकडे यायला लागला. तो काय विचारणार, हे मला पाठ होतं. गजाभाऊंनी मान खाली घातली.

इतक्यात ऑफिसातून दगडूमामा अनवाणी धावत आले, हातात प्रसादाचा द्रोण तसाच.

"आज मिल कोनी चालू केली रे?"

कामगार हसत सुटले, बॉक्सकडे बोटं दाखवायला लागले. मामांचा विश्वास बसेना. ते आधी रोलपाशी गेले, त्यावर तळवा टेकवला. रोल थंडगार. पायाखालची फरशी मात्र हलत होती. मग ते बॉक्सपाशी आले. एक हात ठेवला. द्रोण खाली ठेवून दुसराही ठेवला.

गजाभाऊंचा हात आवाज कमी करायला गेला होता, तो तिथेच थांबला. माझ्याकडे निघालेला कामगार मधेच उभा राहिला. हसणं कधी थांबलं, कळलं नाही. बाई आली, तिची ओळ म्हणून गेली, पुन्हा ठोके सुरू झाले. मामांची मान ठोक्याला हलत होती.

नऊ मिनिटं झाली. गाणं संपलं.

मामांनी बॉक्सवरचे हात काढले नाहीत. मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"बंद कामून केलं?"