लंगड्याची चिंधी

मला कुत्री आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. माझ्या गिरणीत कुत्रं शिरलं की हाताला लागेल ते मी फेकते. तरी आमच्या घरात कायम दोन-चार कुत्री असायची, कारण माझी मावशी आमच्याकडे राहायची, आणि मावशी जिथे तिथे कुत्री. त्यापुढे आमचं कुणाचं काही चालायचं नाही.

मावशी गुरांच्या दवाखान्यात मदतनीस होती. लग्न केलं नव्हतं. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "केलं असतं गं, पण ओरडाआरडा न करता इंजेक्शन घेणारा पुरुष काही सापडला नाही." आठवड्यातून एकदा डॉक्टरीणबाई यायच्या. सकाळी गाईम्हशी तपासायच्या आणि दुपारनंतर कुत्र्यांची नसबंदी करायच्या. कुत्री पकडून आणणं, धरून ठेवणं, शुद्धीवर येईपर्यंत त्यांच्या शेजारी बसणं हे मावशीचं काम. तिच्या दोन्ही हातांवर जुन्या दातांच्या खुणा होत्या आणि त्यांचं तिला काहीही वाटत नसे.

तिच्या आधी गावात वेगळीच रीत होती. आसपासच्या गावांतली माणसं नको झालेली पिल्लं पोत्यात घालून आमच्या पुलाजवळ सोडून जायची. ती मोठी व्हायची, त्यांना पिल्लं व्हायची, कुणाच्या कोंबड्या जायच्या, कुणाला चावा बसायचा. मग एका सकाळी रस्त्याच्या कडेला कुत्री ताठ होऊन पडलेली दिसायची. विषाचे गोळे कोण टाकतं ते सगळ्यांना माहीत असायचं, आणि विचारलं की सगळेच कानावर हात ठेवायचे. मावशीने गावच्या बैठकीत उभं राहून सांगितलं, "मारून कमी होत नाहीत. जागा रिकामी झाली की पुलावरची नवी येतात. मला माझ्या पद्धतीने करू द्या." हिला हौसच आहे तर करू दे, म्हणून लोकांनी होकार दिला.

ऑपरेशन करून पिसाळू नये म्हणून लस टोचली की कुत्र्याच्या कानाचं टोक कापायचं, म्हणजे ते लांबूनही ओळखू येतं, असं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं होतं. गावाला ते पटलं नाही. विषाचे गोळे बघून जे गप्प बसायचे, त्यांनाच कानाच्या टोकाचा कळवळा आला. "बिचारं विद्रूप दिसतं हो!" शेवटी तडजोड झाली. कानाऐवजी गळ्यात निळी चिंधी. दवाखान्यातल्या जुन्या चादरी फाडून मावशी पट्ट्या करायची आणि डॉक्टरीणबाई टाक्यांना मारतात तशी गाठ मारायची. ती गाठ गावात दुसऱ्या कुणालाच जमत नसे. मलाही तिने कितीदा शिकवली, पण माझी बोटं पिठात वाढलेली.

हळूहळू चिंधीची पत वाढली. चिंधीवाल्या कुत्र्याला कुणी दगड मारायचं नाही, दारात आलं तर तुकडा टाकायचा, पोरांनी खुशाल त्याच्या गळ्यात पडायचं. ज्याच्या गळ्यात चिंधी नाही त्याला मात्र कुणी दारात उभं करत नसे. गाव तिला चिंधीमावशी म्हणायला लागलं, आणि विषाचे गोळे बंद झाले.

मग चिंध्या वाढल्या.

मावशीने कधी न धरलेल्या कुत्र्याच्या गळ्यात एक दिवस निळं दिसलं. मग आणखी एकाच्या. सकाळी कुत्रं मोकळ्या गळ्याने फिरायचं आणि संध्याकाळी निळं होऊन परत यायचं. बांधताना कुणालाच कुणी पाहिलेलं नाही. दाराशी जाऊन विचारावं, तर माणसं कुत्र्याकडे असं बघायची, जणू चिंधी त्याच्या गळ्यात आपोआप उगवली. साधी गाठ दिसली की मावशी ती सोडायची आणि कुत्र्याला दवाखान्यात घेऊन जायची. पण ती चालली की रस्त्यावरची कुत्री कुणीतरी हळूच आत ओढून घेतंय, असं मला गिरणीच्या दारातून दिसायचं. दारं वाजायची नाहीत. नुसती मिटायची.

त्या सुमारास लंगड्या गेला, ट्रॅक्टरखाली. मावशीच्या चिंधीचा पहिला मानकरी कुत्रा. तिने त्याला दवाखान्यामागे पुरला, चिंधीसकट.

पुढे काही दिवसांनी, भर दुपारी, वीज गेली म्हणून गिरणी बंद करून मी मावशीबरोबर घरी निघाले होते. ऊन असं, की सावली पायाखालून बाहेर यायला तयार नाही. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. वळणावर मधोमध एक भुरकं कुत्रं उभं होतं. गळ्यात निळी चिंधी, आणि चिंधीवर जांभळा डाग. मावशीने हात पुढे केला. कुत्र्याने हुंगलं नाही, शेपूट हलवली नाही. ते आमच्या मागे कुणीतरी उभं असल्यासारखं आमच्या खांद्यावरून बघत राहिलं. मी खरंच मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

"गाठ माझी आहे," मावशी म्हणाली. तिचा आवाज एकदम उतरला होता. "आणि तो डाग लंगड्याच्या औषधाचा. मागे त्याच्या मानेला जखम झाली होती ना, तेव्हाचा. पण या कुत्र्याला मी कधी हातसुद्धा लावलेला नाही."

तेवढ्यात कुत्रं निघून गेलं, पुलाच्या दिशेने, पावलांचा आवाज न करता. मावशी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नव्हे. तिने सरळ दवाखान्यामागे जाऊन फावडं उचललं. मी म्हटलं, चल घरी, नको ते उकरून काढू नकोस. पण माती आधीच भुसभुशीत होती. लंगड्या होता तिथेच. गळा मोकळा.

"मी याला भिंतीकडे तोंड करून ठेवला होता," मावशी हळूच म्हणाली. लंगड्याचं तोंड रस्त्याकडे होतं.

मावशीने त्याला पुन्हा भिंतीकडे वळवला, माती ओढली आणि संध्याकाळपर्यंत ते भुरकं कुत्रं शोधलं. सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तेच माझ्या गिरणीसमोर आलं. पुलाकडे राहणाऱ्या गवंड्याची आई दळण घेऊन आली होती, सोबत नात. पोरगी मोठी लाघवी, तिला सगळे चिमी म्हणायचे. कुत्रं आजीच्या मागोमाग आलं आणि चिमीने त्याचं तोंड कुरवाळायला हात पुढे केला. ते गुरगुरलं नाही. त्याने नुसता चावा घेतला, सोडला आणि चालू लागलं.

आजीने पदराने मनगट पुसलं. "काही नाही, काही नाही. चिंधी आहे त्याच्या गळ्यात!" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली, की जमलेली माणसं लगेच निवांत झाली. कुणीतरी चिमीला लिमलेटची गोळी दिली. मी मात्र धावत जाऊन मावशीला आणलं, कुत्री धरायच्या तिच्या जाळ्यासकट.

मावशीने पोरीचा हात नळाखाली धरला आणि साबण लावून धूत राहिली, धूतच राहिली. चिमी रडून लाल झाली. तोवर तिचा बाप, गवंडी, कामावरून आला आणि त्याने तिला कडेवर घेतलं.

"हिला मोठ्या दवाखान्यात न्या. आत्ताच्या आत्ता. लस हवी, जखमेतही इंजेक्शन हवं."

"मावशी, चिंधी तुमची, गाठ तुमची," गवंडी म्हणाला. "सगळ्यांनी बघितलीय. मग कशाला?"

"गाठ माझी आहे, कुत्रं माझं नाही. ती चिंधी लंगड्याच्या गळ्यातली आहे."

"लंगड्या मेला ना? मग मेलेल्या कुत्र्याने काय उसनी दिली?" मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. गवंडीही हसला. पोरीला खाली ठेवत म्हणाला, "उद्या बघू."

"म्हणजे तुझ्या चिंधीवर तुझाच भरवसा नाही का?" किराणावाल्याने विचारलं.

मला कुत्री आवडत नाहीत. पण त्या क्षणी मला पुढचं सगळं दिसलं. हिने 'नाही' म्हटलं, तर उद्या सकाळी रस्त्यावर पुन्हा गोळे पडणार. हिच्या हाताखालून गेलेलं एकेक कुत्रं, आमच्या ओट्यावर झोपणारी दोन्ही, सगळी जाणार. आणि 'आहे' म्हटलं तर चिमी घरी जाणार. मावशीने इकडेतिकडे पाहिलं नाही.

"नाही," ती म्हणाली. "आजपासून गावातल्या कुठल्याही चिंधीवर विश्वास ठेवू नका. माझ्यासुद्धा. पण हिला आत्ता न्या."

मग एकजण सावकाश म्हणाला, "मग गोळेच बरे." त्याला कुणीही अडवलं नाही.

तेवढ्यात रस्त्याच्या टोकाला भुरकं कुत्रं परत दिसलं. जबडा खाली लोंबत होता, लाळ मातीला लागत होती. ते झोकांड्या खात पण नेमकं आमच्याकडेच येत होतं. माणसं गिरणीत घुसली, मीही घुसले. बाहेर मावशी आपलं जाळं घेऊन उभी राहिली आणि तिच्या पुढे गवंड्याची आई. ती जागची हललीच नाही. कुत्रं येऊन तिच्यापासून हातभर अंतरावर थांबलं. बाकी कुणाकडे त्याने पाहिलंही नाही.

"माझ्याकडेच येणार ते," म्हातारी म्हणाली. "मी वाढवलंय त्याला. पुलाखालच्या पोत्यातून काढलं होतं." मग ती मावशीकडे वळली. "चिंधी मी काढली गं, मावशी. पुरलेल्या लंगड्याच्या डोक्यावरून ओढून काढली, गाठ न सोडता. तू याला टेबलावर नेशील म्हणून. माझी बहीण नसबंदीच्या टेबलावरून परत आली नव्हती. याला काहीही टोचलेलं नाही. घेऊन जा रे पोरीला! घेऊन जा!"

मावशीने जाळं टाकलं. गवंड्याने चिमीला उचललं आणि मोटरसायकल सुरू केली. मावशीने कुत्र्याला दवाखान्याच्या मागच्या खोलीत बंद केलं. तिथेच ते गेलं.

चिमीला सगळी इंजेक्शनं वेळेवर मिळाली. आता ती माझ्याकडे दळण घेऊन येते आणि भावावरून हुज्जत घालते. त्या रात्री गोळे पडले नाहीत, कारण आपापल्या घरातल्या निळ्या चिंध्या आठवून गावाची झोप उडाली होती. डॉक्टरीणबाईंच्या पुढच्या वारी दवाखान्याबाहेर रांग लागली. माणसं मान खाली घालून कुत्री घेऊन उभी होती, "आमच्याचंही एकदा बघून घ्या" म्हणत. सगळ्या कुत्र्यांच्या कानांची टोकं कापली गेली. विद्रूप दिसतात, असं कुणी म्हटलं नाही.

पण त्या दिवशी आम्ही तिघीही मागोमाग मोठ्या दवाखान्यात पोचलो होतो; तिथल्या बाकावर, चिमी आत असताना, म्हातारी जे बोलली ते मी विसरू शकत नाही. मावशीने तिला विचारलं, "काकू, तुम्हाला तर माहीत होतं. मग चिंधी आहे, चिंधी आहे म्हणून का ओरडलात?"

म्हातारी म्हणाली, "बांधली तेव्हा खोटी होती गं. मग लोक त्याला तुकडा टाकायला लागले, पोरं अंगावर घ्यायला लागली. ते बघून मलाच वाटायला लागलं, टोचलं असेल याला कुणीतरी."