गडावरून आलेल्या माणसाची पंगत

आमच्या तांबट आळीत दिवसभर हातोड्यांचा नाद चाले आणि त्या नादात मला जागेपणीच स्वप्नं पडत. दर वेळी तेच: हे सिंहगड उतरतायत, पायांत बेडी नाही, आणि वाट काही संपत नाही. सरकारी भांड्यांचं तांबं वजनात कमी भरलं आणि आळ यांच्यावर आला. घेतलं की नाही, मी कधी विचारलं नाही. यांना बेडी घालून गडावर कैदेत नेलं, घराच्या दाराला सरकारी मोहोर लागली आणि मी शेजारणीच्या पडवीत राहायला आले. संध्याकाळी भट्ट्यांच्या धुराआड गड निळा दिसे. मी बघत बसे. शेजारीण म्हणे, "बघून गड जवळ येत असता, तर एव्हाना आपल्या दारात असता."

मग एका हिवाळ्यात हे खरंच सुटून आले. आनंद व्हायला हवा होता, पण मला भीतीच वाटली. बेडी निघाली होती आणि पावलं मात्र बेडीचीच पडत होती. घर नाही, म्हणून यांनी देवळाच्या ओवरीत पथारी टाकली. त्यात कोतवालाच्या चावडीवरून निरोप आला, की पौर्णिमेच्या आत यांच्या वर्तणुकीला कोणी जामीन राहावं, नाहीतर माणूस परत गडावर. मी आळीच्या थोरल्यांच्या पाया पडले. ते म्हणाले, "ज्याच्या पंक्तीला बसत नाही, त्याला जामीन कसा राहू?"

म्हणजे आधी पंगत आली. आमची रीत अशी, की परत आलेल्यानं पहिला घास घ्यायचा, मग थोरल्यांनी त्याच्याच पानातला घास उचलायचा. तो उचलला की माणूस पुन्हा आळीचा. शेजारणीनं दारोदार फिरून तांदूळ जमवले. लोकांनी टोमणे मारले आणि सूपही भरलं.

पौर्णिमेची ती दुपार मला अजून पाण्याखालून पाहिल्यासारखी दिसते. हातोडे थांबले होते आणि आळी पेंगत असल्यासारखी वाटत होती. पत्रावळींवर ऊन हलत होतं. भाताची वाफ वर जाऊन कुठेतरी हरवत होती. वाढणं झालं. हे मांडी घालून बसले होते, हात गुडघ्यांवर. सगळे त्या हातांकडे बघत होते आणि हात हलत नव्हते.

वाफ विरली. तरी हे तसेच.

"गडावर पक्वान्नं मिळत असावीत," पंगतीतून कोणीतरी म्हणालं. "आमचा भात कुठला गोड लागायला!"

दुसरा म्हणाला, "माज आहे अजून."

थोरल्यांनी उठण्यासाठी हात जमिनीला टेकला. ते उठले असते तर सगळंच संपलं असतं. मी यांच्या तोंडाकडे पाहिलं. हे पानाकडे बघतच नव्हते. थोरल्यांच्या ओठांकडे बघत होते, डोळ्याची पापणी न लववता. तेव्हा आठवलं. ओवरीत हे एकदा बोलले होते, की पहारेकऱ्यानं ओरडून सांगितल्याशिवाय गडावर शिताला हात लावायचा नाही, लावला तर पाठीवर काठी.

आमच्यात थोरामोठ्यांसमोर बायकोनं नवऱ्याशी बोलायची पद्धत नव्हती. मी वरणाची पळी घेऊन पुढे गेले आणि पहारेकऱ्यासारखी ओरडले, "अहो, जेवा!"

पंगत दचकली. यांनी मात्र त्याच क्षणी घास तोंडात घातला, खाली मान घालून, भराभर.

थोरले टेकलेला हात तसाच ठेवून थांबले. "तिथं असं सांगायचे?" त्यांनी विचारलं. तोंड भरलेलं होतं, म्हणून यांनी नुसती मान हलवली. थोरल्यांनी यांच्या पानातला घास उचलला, खाल्ला आणि म्हणाले, "निवला की रे भात." जेवण होताच ते चावडीवर जाऊन जामीन राहिले. आळीनं आम्हाला भट्टीमागची खोली दिली. मला पंगतीतच 'पहारेकरीण' हे नाव पडलं, ते पुढं कित्येक दिवस पुरलं.

खोलीतही रोज दोन्ही वेळा मला "जेवा" म्हणावं लागे. राग यायचा, गडाचा. एका सकाळी भाकरी वाढून मी पाणी आणायला गेले. परतले तर मी न सांगताच अर्धी भाकरी संपलेली. मला दारात पाहून यांचा हात थांबला, चोरी पकडल्यासारखा.

"रागावलीस?" यांनी विचारलं.

मी ताटात दुसरी भाकरी टाकली आणि भट्टीआड जाऊन पोटभर रडले.